ट्रॉम्सोजवळची हस्की-स्लेज सहल: बुकिंग करण्यापूर्वी

उत्तर नॉर्वेतील ट्रॉम्सो शहराबाहेरच्या एका केंद्रात गेल्या फेब्रुवारीत आम्ही हस्की कुत्र्यांच्या स्लेजची सहल घेतली. केंद्राचे नाव देत नाही, कारण पुढचे प्रश्न असे कोणतेही केंद्र निवडताना विचारायला हवेत.

आमच्या स्लेजला सहा कुत्रे जुंपले होते. स्लेजला लागून धावणाऱ्या शेवटच्या जोडीवर ओझ्याचा ताण सर्वांत जास्त येतो. त्या जोडीतील करडी कुत्री पुढचा डावा पाय टेकताना दर वेळी मान किंचित वर झटकत होती. आम्हाला ते कळलेही नसते, पण वाटाड्या मुलीने लगेच स्लेज थांबवली, कुत्रीच्या पायातला कापडी बूट काढला आणि बोटे फाकवून आम्हाला दाखवले: बोटांमध्ये बर्फाची गोळी अडकली होती आणि तिच्याखाली कातडी चिरली होती. तिने कुत्रीला मोकळे करून स्लेजमध्ये आमच्या पायाशी बसवले. ती मात्र पुन्हा पट्ट्यात जाण्यासाठी सारखी रडत होती.

‘त्यांना धावायला आवडतेच’ हे वाक्य अशा ठिकाणी हमखास ऐकवले जाते. ते खरेही आहे. पण ज्या प्राण्याला दुखऱ्या पायाने धावण्याचीही ओढ असते, त्याच्या उत्साहाला संमती समजणे मला अन्यायाचे वाटते. थांबायचे कधी, हे माणसानेच ठरवावे लागते. अलास्कातील इडिटारॉड या सुमारे १,६०० किलोमीटरच्या शर्यतीत, जी १९७३ पासून अँकरेज ते नोम अशी धावली जाते, पशुवैद्यकांची तपासणी, सक्तीची २४ तासांची विश्रांती आणि थकलेला किंवा जखमी कुत्रा मुक्कामावर मागे ठेवण्याची सोय आहे. तरीही खांद्याच्या आणि मनगटाच्या दुखापती तिथे नेहमीच्या आहेत आणि २०२४ च्या शर्यतीत तीन कुत्रे मेले. इतकी व्यवस्था असूनही हे घडत असेल, तर पर्यटकांच्या फेऱ्यांवर कुणाची नजर असते?

परतल्यावर दिसलेली गोष्ट मला खटकली. त्या दिवशी तापमान शून्याच्या वर दोन अंश होते. दाट केसांच्या या कुत्र्यांना थंडीपेक्षा उष्म्याचाच त्रास अधिक होतो, त्यामुळे ते धापा टाकत वाटेतला बर्फ खात होते. तरीही आमचेच पाच कुत्रे पुढच्या पाहुण्यांसाठी तसेच जुंपलेले ठेवले गेले. त्यांची ती तिसरी फेरी होती. म्हातारे झालेले कुत्रे कुठे जातात, या प्रश्नावर व्यवस्थापकांनी ‘काहींना घरे मिळतात’ एवढेच सांगितले. उरलेल्यांचे काय, हे मी दोनदा विचारूनही कळले नाही. कॅनडातील व्हिस्लर येथे २०१० च्या हिवाळी ऑलिंपिकनंतर धंदा मंदावला, तेव्हा स्लेजचे कित्येक कुत्रे मारून पुरण्यात आले होते. ते उघडकीस आल्यावरच ब्रिटिश कोलंबिया या तिथल्या प्रांताने अशा कुत्र्यांच्या देखभालीचे कायदेशीर नियम केले. म्हणून त्या अर्धवट उत्तरावर माझे समाधान झाले नाही.

वाटाड्या मुलीला पूर्ण गुण. केंद्राला पाचपैकी दोन. जाणारच असाल तर सकाळची पहिली फेरी घ्या आणि पैसे भरण्यापूर्वी दोन गोष्टी लेखी विचारा: एक कुत्रा दिवसाला किती फेऱ्या धावतो, आणि धावणे थांबल्यावर तो कुठे राहतो.