प्रादेशिक योजनेला जोड कशाची: जुनी विहीर की नवी बोअर?

धरणातून अनेक गावांना पाणी देणाऱ्या प्रादेशिक पाणीपुरवठा योजनेच्या शेवटच्या टोकाला असलेल्या गावात नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येऊ लागले की ग्रामसभेत पहिली मागणी होते ती बोअरची. मागणी रास्तच आहे. मात्र पैसे घालण्याआधी गावातली वापरातून गेलेली सार्वजनिक विहीर आणि नवी विंधन विहीर यांचा हिशेब शेजारी शेजारी मांडून पाहिला पाहिजे.

सुरुवात साठ्यापासून करू. सहा मीटर व्यासाच्या विहिरीत पातळी एक मीटरने चढली तर सुमारे २८,००० लिटर पाणी जमा होते. सहा इंची बोअरमध्ये तेवढ्याच उंचीत जेमतेम १८ लिटर मावते. रात्रभरात विहिरीला मीटरभर पाणी आले, तर जल जीवन मिशनच्या माणशी रोज ५५ लिटरच्या मापाने ते सुमारे ५०० माणसांना पुरते. रात्री झिरपलेले पाणी विहीर साठवून ठेवते आणि वीज येईल तेव्हा उपसू देते. बोअरला हे जमत नाही. पंप चालू असताना खडकाच्या भेगेतून जेवढे येईल तेवढेच हाती लागते.

दुसरा प्रश्न खडकाचा. महाराष्ट्राचा चार-पंचमांश भाग बेसाल्टचा आहे, आणि त्यातले बरेचसे पाणी मुरमात व वरच्या तडे गेलेल्या थरात असते. रुंद विहीर हा थर चहूबाजूंनी कापते, तर बोअरला खालच्या अखंड काळ्या पाषाणात एखादी भेग लागावी लागते. ती लागली तर उत्तम; पण बोअरचे मशीन निघून जाताना सांगितलेल्या ‘दोन इंची पाण्या’च्या अंदाजावर पंप ठरवू नये. खरी उपसा चाचणी मे महिन्यात, सलग काही तास पंप चालवून आणि दोरी सोडून पातळी मोजत करावी.

तरीही काही ठिकाणी बोअरच योग्य ठरते. विहिरीच्या कडेने गटार वाहत असेल, उन्हाळ्यात भूजलाची पातळी विहिरीच्या तळाखाली जात असेल किंवा जागाच नसेल, तर विहिरीचा आग्रह धरण्यात अर्थ नाही. अशा वेळी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडून जागा तपासून घ्यावी. महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल कायद्याने ६० मीटर किंवा त्याहून खोल विहिरीला ‘खोल विहीर’ ठरवले आहे, हेही खोली ठरवताना लक्षात असावे.

पाण्याच्या गुणवत्तेत दोघींचे दोष वेगळे आहेत. उघड्या विहिरीत जंतूंचा धोका अधिक असतो. गाळ काढून, कठडा बांधून, वर जाळी टाकून आणि टीसीएलची (ब्लीचिंग पावडरची) मात्रा नियमित ठेवून तो आवाक्यात राहतो. बोअरच्या पाण्यातले क्षार व फ्लोराइड मात्र टीसीएलने जात नाहीत. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतील काही गावांना फ्लोराइडचा त्रास आहे, आणि अकोला-अमरावती-बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात पिण्यासाठी भूजलाची जोड देण्याचा विचार न केलेलाच बरा. इतरत्र विहिरीचे जड पाणी धरणाच्या हलक्या पाण्यात मिसळून चालते. मात्र मिश्रणाचे प्रमाण प्रयोगशाळेच्या अहवालावरून ठरवावे, आणि विहिरीची पाइपलाइन थेट वितरण वाहिनीला न जोडता जलकुंभात सोडावी, म्हणजे क्लोरिन सगळ्या पाण्याला सारखा लागतो आणि तोटीवर ओटी चाचणी (पाण्यात क्लोरिन उरला आहे का, हे पाहणारी) घेता येते.

या दोन्हींपेक्षा मोठी अडचण अशी की धरण आणि भूजल एकाच पावसावर भरतात. २०१६ साली मांजरा धरण आटले तेव्हा लातूरकडे बोअर नव्हत्या असे नाही. शेकडो फूट खोल गेलेल्या बोअरही कोरड्या पडल्या होत्या, आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. म्हणून माझे मत स्पष्ट आहे: पाझर शाबूत असलेली विहीर गावात असेल तर आधी तिचा गाळ काढावा, आणि बोअर तिच्या चाचणीनंतरच घ्यावी. जोड कोणतीही असो, योजनेचे पाणी येत असलेल्या महिन्यांत तिचा उपसा शक्य तितका कमी ठेवावा. दिवाळीपासून दर आठवड्याला पातळीची नोंद वहीत ठेवली, तर मार्चमध्येच सांगता येते की मे अखेरपर्यंत रोज किती तास पंप चालवता येईल.