विनिपेग सांगितलं, टिटवाळा निघालं! स्टार ५ पैकी २

परदेशी शिकायला पाठवणाऱ्या या एजन्सीचं नाव लिहीत नाही कारण पैशाचं अजून मिटलेलं नाहीये. दादर वेस्टला दुसऱ्या मजल्यावर ऑफिस आहे, लिफ्ट कायम बंद. भाचा शिकायला कॅनडात विनिपेगला चालला होता, ताई घाबरलेली, म्हणून मीच म्हटलं की पॅकेज घेऊन टाकू. एअरपोर्ट पिकअप, सिमकार्ड, पहिल्या महिन्याची रूम आणि एक 'सिटी अँड कम्युनिटी गाईड' असं सगळं मिळून १८ हजार.

पिकअपला माणूस वेळेवर आला, सिम चालू होतं, त्याचे दोन स्टार दिलेत.

रूमचं सांगतो. 'ग्रेटर विनिपेगमध्ये, शांत एरिया' असं काउन्सेलर मॅडम म्हणाल्या आणि आम्ही मुलुंडची माणसं असून फसलो! इथे बिल्डर 'मुंबईत फ्लॅट' म्हणतो तेव्हा आपण आधी विचारतो की बाबा स्टेशन कुठलं, पण कॅनडा म्हटल्यावर डोकंच चाललं नाही. रूम निघाली ओकबँकला. ते विनिपेग शहरात नाहीच, पूर्वेला स्प्रिंगफिल्ड नावाची वेगळी म्युनिसिपालिटी आहे त्यात येतं, मेट्रोपॉलिटन एरियात मोजतात एवढंच. कॉलेज शहराच्या दक्षिण टोकाला, सिटी बस नाही, जानेवारी, बाहेर मायनस ३० आणि पोरगं रोज टॅक्सी करतंय. पहिल्या आठवड्यातच महिन्याच्या जेवणाचे पैसे उडाले.

मग ते गाईड उघडून बसलो. पान दोनवर लोकसंख्या साडेसात लाख, पान पाचवर १३ लाख. म्हटलं तीन पानांत सहा लाख माणसं कुठून आली? शेवटी भाच्यालाच तिथले सेन्ससचे आकडे काढायला लावले. २०२१ ला विनिपेग शहर ७,४९,६०७, आजूबाजूच्या म्युनिसिपालिट्या धरून मेट्रो एरिया ८,३४,६७८ आणि ते १३ लाख म्हणजे अख्खा मॅनिटोबा प्रांत! म्हणजे प्रांतातली निम्म्याहून जास्त माणसं या एका मेट्रो एरियात, तरी तो सगळा एरिया आपल्या कल्याण-डोंबिवलीपेक्षा लहान, तिथे २०११ लाच १२ लाखांच्या वर होते. आणि गंमत बघा, शहराचं क्षेत्रफळ जवळपास मुंबई महापालिकेएवढंच आहे. बाहेरच्या पट्ट्यात उरतात फक्त ८५ हजार लोक आणि ते पसरलेत शहराच्या दहापट जागेत, मग बस येणार कुठून? तिकडे हेडिंग्ली म्हणून एक भाग आहे, १९७२ ला सगळ्या नगरपालिका एकत्र करून मोठं शहर केलं तेव्हा त्यात होता, मग ९० च्या दशकात भांडून बाहेर पडला, टॅक्स शहराचा आणि सोयी गावाच्या म्हणून. महापालिकेतून बाहेर पडायला भांडलेल्या आपल्या कल्याण-डोंबिवलीच्या २७ गावांची आठवण झाली ना?

'कम्युनिटी'च्या पानावर काय, तर देवळांची यादी आणि मसाल्याची दुकानं. अरे, आम्ही काय फक्त हळद शोधायला पाठवतोय का त्याला? त्या मेट्रो एरियात मूळनिवासी लोक, फर्स्ट नेशन्स आणि मेटी वगैरे मिळून एक लाखाच्या वर आहेत, कॅनडाच्या कुठल्याच मोठ्या शहरात एवढे नाहीत, आणि गाईडमध्ये त्यांच्यावर एक ओळ, तीही 'रेड इंडियन' म्हणून. असं तिथे कोणासमोर बोलला असता तर पोराला किती लाज वाटली असती. नदीपलीकडे सेंट बोनिफेसला पूर्वीपासूनची फ्रेंच बोलणारी वस्ती आहे, शहरात युक्रेनियन आहेत, मेनोनाइट नावाच्या ख्रिस्ती पंथाचे लोक आहेत, गाईडमध्ये यातलं काहीच नाही.

आणि फिलिपिनो तर साधारण दहात एक! पूर्वी नर्स म्हणून आले, मग कपड्यांच्या कारखान्यांत शिवणकामाला आले, आपल्या गिरणगावात कोकणातून माणसं आली तसे एकामागे एक नातेवाईक येत गेले. शेवटी रूम त्यांच्यातच मिळाली, मेपल्स नावाच्या भागात, शेजारी पंजाबी घरं. कॉलेज लांबच पडतं पण दाराजवळ बस आहे. घरमालकीण आजीबाईंचा राइस कुकर सकाळी सहाला लागतो तो दिवसभर गरम. भाचा पहिल्या रात्री व्हिडिओ कॉलवर ताटात भात दाखवत होता, तोंडात घास, बोलता येईना, ताई इकडे रडतेय.

दादरला मी तीन चकरा मारल्या. मॅडम म्हणतात, 'सर, मेट्रो एरिया म्हणजे विनिपेगच ना.' मी म्हटलं मग तुम्ही टिटवाळ्याला राहा आणि रोज चर्चगेटला ऑफिस करा. त्यावर चहा आला, उत्तर नाही आलं.

तुम्ही जाणार असाल तर रूमचा नुसता पत्ता घेऊ नका, म्युनिसिपालिटी कुठली आणि सिटी बसचा स्टॉप किती लांब ते मेलवर लिहून मागा. आम्हाला ४ हजार परत मिळाले, बाकीचे 'प्रोसेसमध्ये' आहेत. आले की एक स्टार वाढवतो.