शेजारचा फ्लॅट नक्की कितीला गेला? नोंदणी विभागाच्या मोफत ई-सर्चचा आढावा

कोथरूडमध्ये काय दर चाललाय असं विचारलं की एजंट एक आकडा सांगतो, पोर्टलवर दुसरा दिसतो आणि सोसायटीच्या गेटवर तिसरा कानावर येतो. हे तिन्ही मागणीचे आकडे. व्यवहार कितीला नोंदला गेला ते कळतं सूची क्रमांक २ मध्ये, म्हणजे आपल्या बोलण्यातल्या ‘इंडेक्स टू’वर. महाराष्ट्राच्या नोंदणी व मुद्रांक विभागाची मोफत ई-सर्च सेवा तो कुणालाही घरबसल्या दाखवते. टोकन देण्याआधी एक संध्याकाळ इथे घालवावीच.

वापर सोपा आहे, सुबक नाही. मुंबई, उर्वरित महाराष्ट्र आणि उर्वरित महाराष्ट्रातला शहरी भाग असे तीन पर्याय दिसतात. वर्ष, जिल्हा, गाव आणि मिळकत क्रमांक भरायचा. पहिल्यांदा कॅप्चा बरोबर टाकूनही बऱ्याचदा नवाच कॅप्चा समोर येतो. तो पुन्हा भरला की यादी उघडते, त्यामुळे पहिल्या फटक्यात ‘नोंद नाही’ समजून परत फिरू नका. इमारतीच्या नावावर भरवसा नाही, सर्व्हे नंबर लागतो. तो सोसायटीतल्या कुणाच्याही करारनाम्यात सापडतो. ‘११२/३’ असेल तर आधी नुसतं ११२ टाका, मग सिटी सर्व्हे नंबरने पुन्हा शोधा. एकाच इमारतीचे काही दस्त एका नंबरवर, तर काही दुसऱ्यावर चढलेले असतात. पुण्यातला दस्त हवेलीच्या कुठल्याही दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदलेला असू शकतो, तेव्हा कार्यालयाच्या क्रमांकावरून चाळणी लावू नये.

यादीतून काय वगळायचं, ही खरी मेहनत. भाडेकरार, गहाणखतं, चूकदुरुस्ती पत्रं सरळ बाजूला. बक्षीसपत्राला मोबदला नसतो. पुनर्विकासातले पर्यायी जागेचे करार फार फसवतात: जुन्या सभासदाला नवा फ्लॅट मिळतो, मोबदल्याच्या रकान्यात शून्य किंवा किरकोळ रक्कम असते आणि सरासरी काढणाऱ्याचा दर धाडकन खाली येतो. एकाच फ्लॅटचा आधी करारनामा आणि नंतर खरेदीखत नोंदलं असेल, तर तो एकच व्यवहार. करारनाम्यावर पूर्ण मुद्रांक भरलेला असतो, म्हणून खरेदीखताच्या इंडेक्स टूवर कलम १२ मध्ये, म्हणजे मुद्रांक शुल्काच्या रकान्यात, नाममात्र रक्कम दिसते. ओळखायची खूण तीच.

आता इंडेक्स टू उघडा. कलम २ मध्ये मोबदला, ३ मध्ये बाजारभाव. हा बाजारभाव म्हणजे रेडी रेकनरवरून काढलेलं सरकारी मूल्यांकन, गल्लीतला भाव नव्हे. दोन्ही आकडे जवळपास सारखेच असतील तर तो दस्त दरासाठी धरू नये, कारण मोबदला रेकनरला जुळवून लिहिलेला असू शकतो.

कलम ४ (मिळकतीचं वर्णन) आणि ५ (क्षेत्रफळ) सावकाश वाचा. नमुन्यादाखल: मोबदला ९२,००,००० रुपये, कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतलं वापराचं क्षेत्र, ५८.५० चौरस मीटर. १०.७६४ ने गुणलं की सुमारे ६३० चौरस फूट, म्हणजे दर चौरस फुटाला १४,६१० रुपयांच्या आसपास. पण कलम ४ मधल्या मजकुरात ‘सोबत बाल्कनी ६.२० चौ.मी. व एक कार पार्किंग’ असं दडलेलं असतं. बाल्कनी धरली की क्षेत्र ६९६ चौरस फूट आणि दर १३,२१० वर येतो. त्याच कार्पेटवर ३० टक्के चढवून कुणी सेलेबल, म्हणजे विक्रीसाठी वाढवून धरलेलं क्षेत्र, सांगितलं, तर ११,२४०. फ्लॅट तोच, पैसे तेच. दोन दस्तांची तुलना करताना मापाची जात एकच हवी. जुन्या दस्तांत बिल्टअप, म्हणजे भिंतींसकट मोजलेलं क्षेत्र, लिहिलेलं सर्रास आढळतं.

मुद्रांकावरून पडताळा घेता येतो. पुणे शहरात तो ७ टक्के, फक्त महिलांच्या नावावर घर असेल तर ६ टक्के, तोही मोबदला आणि बाजारभाव यांतल्या मोठ्या रकमेवर. वरच्या नमुन्यात ६,४४,००० किंवा ५,५२,००० यायला हवेत.

बांधकाम चालू असलेल्या इमारतीत एक अडचण राहते. बुकिंगचा भाव आधी ठरतो, दस्त नंतर होतो. सही झाल्यावरही नोंदणीसाठी चार महिन्यांची मुदत असते, म्हणून कलम ९ मधली सहीची आणि १० मधली नोंदणीची तारीख वेगळी दिसू शकते. दर कोणत्या महिन्याचा हे ठरवताना कलम ९ धरा. अशा फ्लॅटवरचा जीएसटी बहुतेक वेळा मोबदल्यात धरलेला नसतो. ताबा मिळालेल्या पुनर्विक्रीच्या फ्लॅटशी तुलना करताना तो वर मिळवावा लागतो.

आम्ही त्याच इमारतीतले, वर्षभरातले, निदान चार-पाच चाळून घेतलेले दस्त हाताशी असल्याशिवाय दराबद्दल बोलत नाही. प्रत्येकाचा दस्त क्रमांक, वर्ष आणि निबंधक कार्यालय टिपून ठेवा. मालकाशी बोलणी करताना ‘तुमच्याच इमारतीत या दस्ताने या दराला गेला’ असं कागदावर दाखवता येतं, आणि साक्षांकित प्रत मागवायलाही हेच तीन तपशील लागतात.