कॉम्प्युटरवर इंटरनेट रखडते: मोठा प्लॅन, लॅन केबल, डाँगल, रिपीटर की मेश?

घरातल्या कॉम्प्युटरवर इंटरनेट रखडू लागले की बहुतेक जण आधी मोठ्या प्लॅनची चौकशी करतात. माझ्या मते हा पर्याय सर्वांत शेवटी विचारात घ्यावा, कारण घरापर्यंत येणारा वेग आणि कॉम्प्युटरपर्यंत पोहोचणारा वेग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि प्लॅन वाढवल्याने फक्त पहिला वाढतो. लॅन केबल, डाँगल, रिपीटर आणि मेश हे उरलेले चार पर्याय दुसऱ्या वेगासाठी आहेत. कोणता घ्यायचा हे ठरवण्यापूर्वी वेग नेमका कुठे गळतो आहे ते शोधावे लागते.

त्यासाठी कॉम्प्युटर किंवा लॅपटॉप छोट्या केबलने थेट राउटरला जोडावा, घरातील इतर उपकरणांचे वायफाय बंद करावे आणि स्पीड टेस्ट घ्यावी. नंतर तीच चाचणी नेहमीच्या जागेवरून, वायफायवर घ्यावी. केबलवर प्लॅनइतका वेग मिळून वायफायवर तो निम्म्याच्याही खाली येत असेल, तर दोष घरातच आहे. केबलवरही वेग कमी असेल, तर महिन्याची डेटा मर्यादा संपली आहे का ते पाहावे. 'अनलिमिटेड' म्हणवणाऱ्या प्लॅनमध्येही ठरावीक जीबीनंतर वेग उतरवला जातो. मर्यादा शिल्लक असूनही वेग कमी असेल, तर कंपनीकडे तक्रार नोंदवणे योग्य. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी: प्लॅनचा वेग मेगाबिटमध्ये सांगतात आणि डाऊनलोडचा बहुधा मेगाबाइटमध्ये दिसतो; एक मेगाबाइट म्हणजे आठ मेगाबिट. १०० एमबीपीएसच्या, म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिटच्या, जोडणीवर सेकंदाला १२ मेगाबाइटच्या आसपास फाइल उतरत असेल, तर ती जोडणी पूर्ण क्षमतेने चालते आहे.

त्याच टेबलावर मोबाइलला चांगला वेग मिळतो आणि कॉम्प्युटरला मिळत नाही, असे असेल तर आधी टास्क मॅनेजरमधला नेटवर्कचा रकाना उघडावा. विंडोजचे अपडेट किंवा फोटोंचा क्लाउड बॅकअप मागे चालू असतो आणि आपण राउटरला दोष देत राहतो. बॅकअपने अपलोडची सगळी क्षमता व्यापली की डाऊनलोडही मंदावते, कारण मिळालेल्या माहितीची पोच परत पाठवायलाही अपलोडच लागते. डीएनएस, म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधून देणारी सेवा, बदलण्याचा सल्लाही सर्रास दिला जातो. त्याने संकेतस्थळ उघडायला लागणारा सुरुवातीचा वेळ थोडा कमी होऊ शकतो, पण घरातल्या कमकुवत वायफायवर तो उपाय नाही.

कॉम्प्युटर एकाच जागी ठेवलेला असेल, तर लॅन केबलला तोड नाही. कॅट ६ प्रकारची लॅन केबल १०० मीटरपर्यंत १००० एमबीपीएस वाहून नेते, तिला भिंतींचा अडथळा नसतो आणि शेजाऱ्यांच्या राउटरचाही त्रास होत नाही. पुष्कळ फ्लॅटमध्ये जुन्या टेलिफोनसाठी भिंतीत टाकलेला पाइप मोकळाच पडलेला असतो; त्यातल्या जुन्या वायरला नवी केबल बांधून ओढून घेता येते. विजेच्या वायरींच्या पाइपातून मात्र ती नेऊ नये. घेताना शुद्ध तांब्याचीच केबल मागावी, कारण तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची केबल स्वस्त मिळते, पण तिच्या तारा लवकर तुटतात. केबल टाकून झाल्यावर विंडोजच्या नेटवर्क सेटिंगमध्ये लिंक स्पीड पाहावा. तिथे १०००ऐवजी १०० दिसत असेल तर कनेक्टर हातात घेऊन उजेडात धरावा. आत नारिंगी, हिरवी, निळी आणि तपकिरी अशा चार जोड्यांच्या आठ तारा शेवटपर्यंत पोहोचलेल्या दिसायला हव्यात. १०० एमबीपीएसला नारिंगी आणि हिरवी या दोनच जोड्या पुरतात, १०००ला चारही लागतात. त्यामुळे निळी किंवा तपकिरी तार सैल राहिली तरी इंटरनेट चालू राहते, आणि वेग एक-दशांशावर अडकला आहे हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. नव्याने क्रिम्प करून घेतले, म्हणजे केबलच्या टोकाला कनेक्टर पुन्हा दाबून बसवून घेतला, की हा दोष जातो, त्यासाठी नवी केबल घ्यावी लागत नाही.

भाड्याच्या घरात केबल टाकणे शक्य नसेल, तर डाँगलचा, म्हणजे यूएसबीमध्ये खोचून कॉम्प्युटरला वायफाय देणाऱ्या छोट्या उपकरणाचा, विचार करावा. सर्वांत स्वस्त डाँगल वायफायच्या फक्त २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींच्या पट्ट्यावर चालतात. खोक्यावर छापलेला १५० हा आकडा आदर्श स्थितीतला असतो. प्रत्यक्षात त्याच्या निम्माही क्वचित मिळतो. या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच आहेत, १, ६ आणि ११, आणि दाट वस्तीच्या इमारतीत पंधरा-वीस राउटर त्यांवरच दाटीवाटीने बसलेले असतात. थोडे जास्त पैसे मोजून ५ गिगाहर्ट्झवरही चालणारा ड्युअल बँड डाँगल घ्यावा. राउटर त्याच खोलीत किंवा एका भिंतीपलीकडे असेल, तर फरक लगेच जाणवतो. दोन-तीन काँक्रीटच्या भिंती मध्ये असतील तर ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल तिथवर टिकत नाही. डाँगल सीपीयूच्या मागे, लोखंडी कपाटाच्या आड खोचून ठेवू नये. यूएसबी ३.०च्या उपकरणांमधून निघणारा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातच पडत असल्याने एक्स्टेन्शन वायरने डाँगल टेबलावर आणणे केव्हाही चांगले.

राउटरचा वायफाय सिग्नल पकडून पुढे पाठवणाऱ्या रिपीटरची शिफारस मी कॉम्प्युटरसाठी करणार नाही. एकाच रेडिओवर ऐकणारा आणि बोलणारा साधा रिपीटर जवळपास निम्मा वेग स्वतःच खातो. शिवाय तो कॉम्प्युटरच्या शेजारी लावला की कमकुवत सिग्नलच पुढे पाठवतो, म्हणून त्याची जागा राउटर आणि कॉम्प्युटर यांच्या मध्यावर असावी लागते. गॅलरीतल्या कॅमेऱ्याला तो पुरेसा आहे.

घरभर ठेवलेले अनेक डबे मिळून एकच वायफाय देणाऱ्या मेशची किंमत रिपीटरच्या कितीतरी पट असते, पण दुमजली बंगला किंवा जाड दगडी भिंतींचे घर असेल आणि प्रत्येक खोलीत वेग हवा असेल, तर तो खर्च सार्थकी लागतो. मात्र मेशचे डबे शक्यतो केबलनेच एकमेकांना जोडावेत. बिनतारी जोडलेल्या डब्यांमध्ये रिपीटरचीच अडचण सौम्य रूपात राहते. घरातल्या विजेच्या वायरिंगमधून इंटरनेट नेणारे ॲडाप्टरही मिळतात, पण स्पाइक गार्ड आणि वेगवेगळ्या फेजमुळे त्यांचा भरवसा देता येत नाही.

एवढे सगळे नीट असूनही वेग अपुरा पडत असेल, तेव्हा प्लॅनकडे वळावे. नेटफ्लिक्स ४के चित्रासाठी १५ एमबीपीएस पुरेसे मानते; म्हणजे चार जणांच्या घराला १०० एमबीपीएस सहसा कमी पडत नाही. मोठमोठ्या फाइली रोज चढवणाऱ्यांनी प्लॅन निवडताना अपलोडचा आकडा वेगळा विचारून घ्यावा. तसेच, २०० किंवा ३०० एमबीपीएसचे पैसे भरण्याआधी सध्याच्या राउटरचे आणि कॉम्प्युटरचे लॅन पोर्ट किती वेगाचे आहेत ते तपासावे. जुन्या राउटरचे पोर्ट १०० एमबीपीएसचेच असतील, तर नवा प्लॅन घेऊनही केबलवर ९४-९५च्या पुढे वेग जाणार नाही. अशा वेळी प्लॅनबरोबर राउटरही बदलून मागावा.