अपघाताच्या बातम्यांसाठी हे अ‍ॅप: पाचपैकी तीन तारे

आमचे गाव धामणगाव रेल्वे आणि चांदूर रेल्वे यांच्या मधल्या पट्ट्यात आहे आणि वर्तमानपत्र हाती पडेपर्यंत सकाळचे दहा वाजतात, त्यामुळे गेली काही वर्षे बातम्यांसाठी मी या मराठी अ‍ॅपवरच अवलंबून आहे. नेटवर्क क्षीण असतानाही ते उघडते, अक्षरे मोठी करता येतात आणि भाषा स्वच्छ आहे. रोजच्या बातम्यांसाठी माझी काहीच तक्रार नाही. मात्र एखाद्या अपघाताचा तपशील जसजसा हाती येतो, तसतसा तो वाचकापर्यंत कसा पोहोचवावा, या बाबतीत अ‍ॅप उणे पडते, आणि त्याचा मनस्ताप आमच्या घराने सोसला आहे.

25 फेब्रुवारी 2024 रोजी, रविवारी सकाळी, जम्मू-काश्मीरमधील कठुआ स्थानकात उभी असलेली खडी भरलेली 53 वाघिणींची मालगाडी चालकाविना उतारावरून निघाली आणि पठाणकोट मागे टाकून पंजाबात उंची बस्सीजवळ थांबवली गेली. कोणालाही इजा झाली नाही. अ‍ॅपवरच्या पहिल्या सूचनेत मात्र फक्त ‘चालकाविना रेल्वे सुसाट’ एवढेच शब्द होते आणि खाली उलटलेल्या प्रवासी डब्यांचे, दुसऱ्याच कुठल्या तरी अपघाताचे छायाचित्र होते. माझा पुतण्या तेव्हा पठाणकोटला सैन्यात होता. ते छायाचित्र जुने आहे, असे मी वहिनींना परोपरीने सांगितले, पण पुतण्याचा फोन येईपर्यंत त्यांनी चुलीवरचा तवासुद्धा उतरवला नाही. भाकर जळून कोळसा झाली होती.

त्यानंतर गाडी किती अंतर धावली, याचा आकडा दिवसभर बदलत राहिला: कधी 70 किलोमीटर, कधी 78, कधी 84. सुरुवातीच्या तासांत आकडे बदलणारच, त्याबद्दल मी दोष देत नाही. जून 2023 मध्ये ओडिशातील बालासोरच्या अपघातातही मृतांचा आकडा आधी 288 सांगितला गेला, मग काही मृतदेह दोनदा मोजले गेल्याचे सांगून प्रशासनाने तो 275 केला आणि पुढे तो पुन्हा 288 झाला. आकडा का बदलला, हे सांगितले की वाचकाचा विश्वास टिकतो. हे अ‍ॅप जुना आकडा गुपचूप पुसून त्याच जागी नवा टाकते; बदलाची वेळ नाही आणि माहिती कोणी दिली, याचाही उल्लेख नाही. सकाळी वाचलेले दुपारी शेजाऱ्याला दाखवायला जावे, तर ते गायब झालेले असते.

गाडी मुळात घरंगळली कशी, हे मला त्या दिवशी अ‍ॅपवरून कळले नाही. आमच्या गल्लीतल्या निवृत्त पॉइंट्समन (रुळांचे सांधे बदलणारे रेल्वे कर्मचारी) काकांनी ते एका वाक्यात सांगितले: “इंजिन बंद केलं का हवा हयूहयू उतरते, मंग हँडब्रेक अन् गुटके लावाच लागते.” हवा म्हणजे ब्रेक दाबून धरणारी हवा आणि गुटके म्हणजे चाकांना लावायचे ठोकळे.

तरीही तीन तारे का, तर चार-पाच दिवसांनी अ‍ॅपवर आलेल्या एका दीर्घ लेखामुळे. त्यात कॅनडातील लाक-मेगांटिकची दुर्घटना तपशिलाने मांडली होती. जुलै 2013 मध्ये उतारावर उभ्या केलेल्या तेलगाडीच्या इंजिनाला आग लागली, अग्निशमन दलाने ती विझवताना इंजिन बंद केले, ब्रेकमधील हवा उतरत गेली, आणि लावलेले सात हँडब्रेक पुरे न पडल्याने 72 टाक्यांची ती गाडी मध्यरात्रीनंतर गावात शिरून 47 माणसे दगावली. पहिल्या दिवसांत मृतांचा आकडा थोडा थोडा वाढत गेला, तर तपास अहवाल यायला वर्षाहून अधिक काळ लागला आणि त्यात एक नव्हे, 18 कारणे नोंदवली गेली, हेही लेखकाने आवर्जून लिहिले होते. काकांना मी तो लेख मोठ्याने वाचून दाखवला, तेव्हा सात हँडब्रेकच्या ओळीवर त्यांनी मला थांबवले आणि ती पुन्हा वाचायला लावली.

असे लेखन करू शकणाऱ्या संपादकांना माझी विनंती आहे की, प्रत्येक बदलाखाली वेळ छापावी, छायाचित्र जुने असल्यास तसे स्पष्ट लिहावे आणि गाडी मालगाडी आहे की प्रवासी, हे पहिल्याच सूचनेत सांगावे. तोवर माझ्या मोबाइलवर हे अ‍ॅप राहील. वहिनींच्या मोबाइलवरच्या सूचना मात्र मी बंद करून ठेवल्या आहेत.