रेटिंग की वही? सराव कशाच्या जोरावर टिकवायचा

ऑनलाइन बुद्धिबळात कितीही सुधारलात तरी साधारण निम्मे डाव हरणारच, कारण तुमचं रेटिंग, म्हणजे खेळाची ताकद सांगणारा आकडा, चढलं की समोरचाही तेवढाच तगडा मिळतो. सरावाची गोडी कशाच्या जोरावर टिकवायची हे ठरवताना ही गोष्ट आधी पचवायला हवी. जिंकण्यावरच भिस्त ठेवली, तर उत्साह दर दुसऱ्या डावाला मार खातो.

रेटिंगची ओढ खरी असते, मी ती नाकारत नाही. आकडा समोर असतो, प्रतिस्पर्धी क्षणात मिळतो आणि हाताशी पंधरा मिनिटं असली तरी ब्लिट्झचे, म्हणजे काही मिनिटांत संपणारे, एक-दोन डाव होतात. पण हा आकडा फार हलतो. आर्पाद एलो यांची रेटिंग मोजण्याची जी पद्धत फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेने १९७० मध्ये स्वीकारली, तिच्या हिशेबाने रेटिंगमध्ये २०० गुणांनी वरचढ खेळाडूकडूनही १०० डावांत (विजयाला एक, बरोबरीला अर्धा गुण धरून) सुमारे ७६ गुणांचीच अपेक्षा असते. आता बरोबरीच्या खेळाडूंचं बघा. एका डावाने रेटिंग किती हलू शकतं ते ठरवणारा गुणक २० धरला तर एक विजय रेटिंगचे १० गुण देतो आणि एक पराभव १० नेतो. सलग चार डाव गेले की ४० गुण गेले, आणि तुमचा खेळ मात्र कालच्याइतकाच चांगला असू शकतो. अशा वेळी ‘आता एकच डाव’ म्हणत रात्र जाते. तो सराव नव्हे.

वहीचा मार्ग संथ आहे. दोघांना निदान अर्धा-अर्धा तास मिळेल असा डाव खेळायचा आणि इंजिन, म्हणजे चाली तपासणारा संगणक प्रोग्रॅम, लावण्याआधी स्वतःच वहीत लिहायचं: सर्वात जास्त वेळ कुठे घालवला, प्रतिस्पर्ध्याची कोणती चाल दिसलीच नाही, वजिरावजिरी करताना मनात काय होतं. इंजिन त्यानंतर. ते चूक लगेच दाखवतं, पण ती चूक तुम्ही का केलीत हे त्याला सांगता येत नाही. वीसेक डावांनंतर वही बोलू लागते. कुणाला मागे येणारा घोडा दिसत नाही, कुणी जिंकलेल्या डावात घाईने प्यादी पुढे ढकलतो. असं एक नेमकं दुखणं सापडलं की दुसऱ्या दिवशी पटासमोर बसायला कारण मिळतं, आणि हरलेला डावही वाया जात नाही. तोटा एवढाच की एका डावाला अख्खी संध्याकाळ लागते आणि पहिले काही आठवडे हाती काहीच लागल्यासारखं वाटत नाही.

रोजची कोडी दोन्हींना पूरक आहेत. मात्र कोड्यात काहीतरी दडलंय हे आधीच माहीत असतं. डावात ते कुणी सांगत नाही.

वेळ अगदीच तुटपुंजा असेल आणि हरल्यावर झोप उडत नसेल, तर रेटिंगच्या मागे खुशाल लागा. महिन्याभरात दोनदा तरी वैतागून ॲप काढून टाकलं असेल, तर माझं मत ठामपणे वहीच्या बाजूने आहे: आठवड्याला एक संथ डाव, रोज दहा मिनिटं कोडी, आणि रेटिंगकडे बघायचं ते महिनाअखेरीस. सोबत एखादा अंतिम टप्पा पक्का करा. आपला एकटा हत्ती विरुद्ध समोरच्याचे हत्ती-प्यादं या स्थितीत डाव बरोबरीत सोडवणारा, फिलिडोरच्या नावाने ओळखला जाणारा बचाव घ्या. आपला राजा प्याद्याच्या वाटेत, आपला हत्ती आपल्या बाजूने तिसऱ्या रांगेत. प्यादं त्या रांगेवर आलं की हत्ती पार पलीकडे न्यायचा आणि मागून शह देत राहायचे. एकदा कळला की तो रेटिंग पडलं तरी तुमच्याकडेच राहतो.