कम्युनिटी कॉलेजातला ऑनर्स: दीड वर्षानंतर

"कम्युनिटी कॉलेजात कसला आलाय ऑनर्स?" कोजागिरीला मसाला दुधाचा पेला हातात देता देता एका काकूंनी विचारलं होतं. तेव्हा मला उत्तर सुचलं नाही. आता तीन सेमिस्टर झाल्यात, तेव्हा सविस्तर लिहिते. ऑनर्स म्हणजे नेहमीच्याच कोर्सचा जास्त खोलात जाणारा, एरवी लहान वर्गातला प्रकार.

आधी माझ्याबद्दल थोडं. सांगलीत एस.वाय.बी.ए. झालं, लग्न झालं, टी.वाय. राहिलं ते राहिलंच. १९ वर्षांनी, लेक हायस्कूलला गेल्यावर, सॅन फ्रान्सिस्कोच्या पूर्वेला आम्ही राहतो तिथल्या कम्युनिटी कॉलेजात नाव घातलं. कॅलिफोर्नियात अशी सरकारी कॉलेजं ११६ आहेत. राज्यातल्या रहिवाशाला एका युनिटला, म्हणजे श्रेयांकाला, ४६ डॉलर पडतात आणि २०१२ पासून हाच दर आहे. म्हणजे तीन युनिटांचा कोर्स १३८ डॉलरला. ऑनर्सचा असला तरी तेवढ्यालाच. दोन वर्षं इथं काढायची आणि मग यूसी (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) किंवा कॅल स्टेट (कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी) मध्ये तिसऱ्या वर्षाला ट्रान्सफर घ्यायची, असा हा रस्ता.

आमच्याकडे ऑनर्समध्ये शिरायला ३.२५ जीपीए (चारपैकी सरासरी गुण) लागतो आणि कार्यक्रम पूर्ण झाला असं म्हणायला ऑनर्सचे १५ युनिट. काउन्सेलरनं माझं वय बघून "तुम्हाला याची खरंच गरज आहे का?" असं अगदी गोड आवाजात विचारलं. तिथंच फॉर्म भरला. थोडा हट्टानंच, खोटं कशाला बोलू.

पहिला कोर्स इंग्रजीचा, आणि तो साफ फसला. कॉलेजच्या यादीत तो ऑनर्स म्हणून होता, पण पहिल्या दिवशी गेले तर ३५ जणांचा साधा वर्ग. त्यातले आम्ही सहाजण ऑनर्सवाले. शिकवणं तेच, चर्चा तीच, फक्त आम्हाला शेवटी आठ पानांचा जास्तीचा निबंध. याला ते 'स्टॅक्ड' म्हणतात; मी जोडतुकडी म्हणते. त्या निबंधावर प्राध्यापकांनी दोन ओळींचा शेरा दिला. त्यांचाही दोष कसा म्हणू, सहा जणांच्या जादा कामाचे त्यांना वेगळे पैसे मिळत नसणार. पण त्या सेमिस्टरला मी नवऱ्याला म्हटलं होतं, हा सगळा ट्रान्स्क्रिप्टवर एक शब्द वाढवायचा उद्योग आहे.

आणखी एक प्रकार असतो, कराराचा. साध्या कोर्सच्या प्राध्यापकांशी बोलून जादा काम ठरवायचं, फॉर्मवर सह्या घ्यायच्या. माझ्या बरोबरीच्या एका मुलानं जीवशास्त्रात तसं केलं. सह्यांसाठी तो तीन आठवडे फिरत होता. विज्ञान-गणितवाल्यांना बहुधा हाच मार्ग उरतो, कारण ऑनर्सच्या स्वतंत्र तुकड्या जवळजवळ सगळ्या इतिहास, इंग्रजी, मानसशास्त्र, राज्यशास्त्र यांच्याच. इंजिनिअरिंगला जाणाऱ्या मुलांच्या आईवडिलांनी हे आधी बघून घ्यावं.

दुसऱ्या सेमिस्टरला मात्र इतिहासाचा सेमिनार मिळाला. स्वतंत्र तुकडी, १४ जण, मंगळवारी संध्याकाळी सहा ते नऊ. खुर्च्या ओढून गोल करायच्या. पहिले दोन आठवडे मी तोंड उघडलं नाही. आपल्याकडे वर्गात सर बोलतात आणि आपण उतरवून घेतो. इथं प्राध्यापक बाई प्रश्न टाकून सरळ गप्प बसतात. ती शांतता खायला उठते. आणि त्यांना नावानं हाक मारायची! वयानं त्या माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठ्या असतील. माझ्या तोंडून नाव निघेना. मग मी ईमेलमध्ये 'प्रोफेसर' लिहायचे आणि समोरासमोर काहीच न म्हणता वाक्य सुरू करायचे. अजूनही तसंच करते.

विषय होता कॅलिफोर्नियातलं स्थलांतर. प्रत्येकानं एक प्रश्न घेऊन सेमिस्टरभर त्याच्या मागे लागायचं. मी गदर चळवळ घेतली, म्हणजे अमेरिकेतल्या हिंदी लोकांची ब्रिटिशांविरुद्धची चळवळ, कारण मला वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे माहीत होते. शेतीशास्त्र शिकायला अमेरिकेत आले, गदरच्या सुरुवातीच्या माणसांत होते, पुढं मेक्सिकोत मक्याच्या वाणांवर काम केलं. मेक्सिकोचा चित्रकार दिएगो रिव्हेरा यानं त्यांना भित्तिचित्रात रंगवलंय. मी मोठ्या अभिमानानं चार पानांचा आराखडा दिला. बाईंनी परत केला. वर लिहिलं होतं, हे चरित्र आहे, यात प्रश्न कुठाय?

दोन दिवस राग होता. मग लक्षात आलं की शाळेपासून मी हेच लिहीत आलेय. थोर पुरुष, जन्म, कार्य, मृत्यू. दहा मार्कांची टीप.

प्रश्न सापडायला तीन आठवडे गेले. 'गदर' हे पत्र सॅन फ्रान्सिस्कोत १ नोव्हेंबर १९१३ ला आधी उर्दूत निघालं, मग लवकरच गुरुमुखीतही. वाचणारे बहुतेक पंजाबी, शेतात नाहीतर लाकडाच्या गिरण्यांत राबणारे. आणि चळवळीत खानखोज्यांसारखे, तळेगाव ढमढेऱ्याच्या विष्णु गणेश पिंगळ्यांसारखे शिकलेले मराठी तरुण. मग यांनी त्यांच्याशी बोलायचं कुठल्या भाषेत? हा माझा प्रश्न. बाई म्हणाल्या, आता जमलं.

आता कामाचा भाग. यूसीच्या बर्कली कॅम्पसवरच्या बँक्रॉफ्ट ग्रंथालयात दक्षिण आशियाई स्थलांतरितांचा संग्रह आहे, त्यात गदरचे कागद आहेत. तिथले विद्यार्थी नसलो तरी बघता येतात. आधी नोंदणी करायची आणि ओळखपत्र दाखवायचं. वाचनकक्षात पेन चालत नाही, फक्त पेन्सिल. पिशवी बाहेर कपाटात. समोर पेटी येते, त्यातून एक फाइल काढायची, वाचायची, परत ठेवायची, मग दुसरी. मी दोन शनिवार मागून बघितले, पण वेळ शनिवारची नव्हती, म्हणून नवऱ्यानं सुट्टी काढून लेकाला क्लासला सोडलं. गुरुमुखी मला येत नाही. आमच्या सोसायटीतल्या एका सरदारजी आजोबांना फोटो दाखवले. त्यांनी चष्मा लावून दीड पान मोठ्यानं वाचलं आणि मध्येच थांबून मला चहा करायला सांगितला.

माझ्या प्रश्नाचं पूर्ण उत्तर मिळालं नाही. १६ पानांच्या पेपरात शेवटची दोन पानं 'काय सापडलं नाही' यावरच आहेत. त्यालाच बाईंनी सगळ्यात जास्त शाबासकी दिली. सांगलीत असं उत्तर लिहिलं असतं तर पेपर कोरा सोडला म्हणून शून्य मिळालं असतं.

नंतर ऑनर्सच्या मुलांच्या संशोधन परिषदेत तो १२ मिनिटांत मांडला. बे एरियातल्या, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या, कॉलेजांची एक परिषद भरते, आणि दक्षिणेकडं यूसी अर्व्हाइनमध्ये भरते ती आणखी मोठी. माझ्या खोलीत श्रोते नऊ, त्यातले दोघं माझ्याच घरचे. तरी हात थरथरत होते. एका मुलीनं विचारलं, मग ते हिंदुस्तानीत बोलत असतील का? हा प्रश्न मला चार महिन्यांत सुचला नव्हता.

आता ट्रान्सफरचं, कारण मला येणारे निम्मे फोन त्यासाठीच असतात. ऑनर्समुळं जीपीए फुगत नाही. हायस्कूलच्या एपीसारखा (कॉलेजच्या पातळीचे कोर्स) जादा गुण इथं नाही. ऑनर्सचा ए आणि साधा ए सारखाच. थेट फायदा सांगायचा तर यूसीएलएचा, म्हणजे यूसीच्या लॉस एंजेलिस कॅम्पसचा, टॅप. ज्या कॉलेजांचा त्यांच्याशी करार आहे तिथं ऑनर्स पूर्ण केलं तर यूसीएलएच्या लेटर्स अँड सायन्सच्या (कला-विज्ञान शाखेच्या) प्रवेशात अर्जाकडे प्राधान्यानं बघतात. प्रवेशाची हमी नाही. टॅग म्हणजे हमीचा करार, तो वेगळा. तो यूसीच्या सहा कॅम्पसला आहे, त्यात बर्कली नाही, यूसीएलए नाही, सॅन डिएगोही नाही. टॅप आणि टॅग यांत लोक इतका घोळ घालतात की मी आता फोनवर आधी तेच विचारते, कुठलं म्हणताय? आपलं कॉलेज टॅपच्या यादीत आहे का, हे नाव घालण्याआधी बघा. मी बघितलं नव्हतं. आमचं नाही. मला बर्कलीच हवंय, म्हणून चाललं; नाहीतर चांगलीच पंचाईत होती.

वेळेचं म्हणाल तर सेमिनारला आठवड्याला शंभरएक पानं वाचायची असतात. मी भाकरी थापताना फोनवर ऐकायचे, पण त्यानं भागत नाही. पेन घेऊन बसावंच लागतं. नोकरी आणि दोन ऑनर्स कोर्स एका वेळी घेऊ नका. मी तिसऱ्या सेमिस्टरला घेतले आणि एक सोडावा लागला. ट्रान्स्क्रिप्टवर 'डब्ल्यू' बसलाय.

सगळ्यात मोठी तक्रार मात्र वेगळीच आहे. लहान वर्ग हेच ज्याचं भूषण, तोच लहान आहे म्हणून रद्द होतो. गेल्या वेळी एका युनिटचा सेमिनार होता, संशोधन कसं मांडायचं यावर. आम्ही नऊजण होतो. कॉलेज उघडायच्या चार दिवस आधी ईमेल आली, नोंदणी कमी, कोर्स रद्द. तोवर बाकीचे संध्याकाळचे वर्ग भरलेले. दिवसा मोकळ्या असणाऱ्या पोरांचं ठीक आहे, नोकरी करणाऱ्यांना दुसरा पर्यायच नसतो. म्हणून ऑनर्स घेताना एक साधा कोर्स हाताशी धरून ठेवायचा, असं मी आता सगळ्यांना सांगते.

पुढच्या सेमिस्टरला त्याच बाईंचा राज्यघटना आणि नागरिकत्वावरचा सेमिनार आहे, गुरुवारी संध्याकाळी. गोरे नाहीत म्हणून अमेरिकेचं नागरिकत्व नाकारलेल्या भगतसिंग थिंड यांचा १९२३ चा खटला त्यात आहे. वर्ग चालायला अजून थोडे जण लागतात, आज सकाळी बघितलं तेव्हा ११ होते. मंडळातल्या दोघींना फॉर्म पाठवलाय. त्यातली एक कोजागिरीच्या त्या काकूंची सून आहे.